भिंगरीचे केस

गल्लीच्या तोंडाशी, लाँड्री आणि बेकरीच्या मधोमध, नानांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, भिंतीला टेकवलेला बाक आणि दुकानाच्या डोक्यावर घर. चाळीस वर्षं नानांची कात्री तिथे चालली होती. एकदा तर खुर्चीतच झोपी गेलेल्या एका गृहस्थांची दाढी त्यांनी जाग येऊ न देता पुरी केली होती, आणि हा पराक्रम प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकून घ्यावाच लागे.

आणि अशा माणसाच्या सख्ख्या नातीला केसांमुळे समोरचं दिसत नव्हतं.

नात पाच वर्षांची. खरं नाव दाखल्यावर होतं. एरवी ती भिंगरी. दुकानातल्या फिरत्या खुर्चीत बसून गरगर फिरायची, खुर्ची मोकळी नसली तर स्वतःभोवती फिरायची, आणि चक्कर म्हणून कशी ती यायची नाही. बोलणं फारसं नव्हतं. 'पाणी', 'गोल', 'आई' आणि आणखी तीनचार शब्द, तेही तिच्या मनात असेल तेव्हा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी 'स्वमग्नता' म्हणून सांगितलं, तेव्हा नाना दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोरगी रोजच्यासारखी खाली आली, त्यांच्या पायावर पाय देऊन खुर्चीत चढली आणि फिरवा म्हणून त्यांचा हात ओढायला लागली. शब्द नवा होता, पोरगी तीच होती. नानांनी खुर्ची फिरवली.

पण केसांपुढे सगळ्यांनी हात टेकले होते. नानांनी आधी लाडीगोडी लावून पाहिली. मग एका रविवारी लेकीला भिंगरीचे हात धरायला सांगितले. पोरीने असा काही टाहो फोडला, की बेकरीवाला हातातला ट्रे तसाच घेऊन धावत आला. नानांची कात्री आपोआप खाली आली. पुढच्या आठवड्यात त्यांना त्या झोपलेल्या गृहस्थांची आठवण झाली. दुपारी भिंगरी झोपल्यावर ते कात्री घेऊन पाय न वाजवता वर गेले. पहिल्याच 'खच्' आवाजाला तिने डोळे उघडले. त्यानंतर महिनाभर ती डोक्यावरून पांघरूण घेतल्याशिवाय झोपली नाही.

आता डोळे लाल व्हायला लागले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, केस कापा नाहीतर बांधा. बांधायचं नावच नको. लावलेली क्लिप अर्ध्या मिनिटात खिडकीबाहेर.

"बाबा, मी ताईंशी बोलले," लेक म्हणाली. ती रुग्णालयात नर्स होती. जावई जहाजावर नोकरीला, वर्षातले सातआठ महिने पाण्यावरच. "त्या म्हणतात, हे शिकवता येईल. पण तुम्हीही शिकायला हवं."

"मी? केस कापायला?"

"हो," लेक म्हणाली आणि जिना चढून गेली.

ताई म्हणजे तीन महिन्यांपासून आठवड्यातून चार दिवस घरी येणारी भिंगरीची थेरपिस्ट. तिशीच्या आतबाहेरची, खांद्याला ही मोठी पिशवी. ती जे करायची त्याचं पूर्ण नाव 'उपयोजित वर्तन विश्लेषण'. ते ऐकून नानांना वाटलं होतं, एखाद्या खात्याच्या दारावरची पाटी असावी. त्यांना खालून कळायचं ते एवढंच, की वर कोणीतरी टाळ्या वाजवतंय आणि भिंगरी खिदळतेय. खेळायला शिक्षण लागतं हे त्यांना नवीन होतं. भिंगरी आता तहान लागली की पाण्याचं चित्र आणून हातात द्यायची, हे त्यांनी पाहिलं होतं. पण ते पोरीच्याच हुशारीच्या खात्यात जमा केलं होतं.

ताई दुकानात आली आणि काहीच न करता बाकावर बसली. मांडीवर वही. सलग तीन दिवस. भिंगरी आत-बाहेर करायची, गिऱ्हाइकं यायची-जायची, ताई लिहायची.

"नाना, या कोण?" वकिलांनी विचारलं. वकील म्हणजे दर शनिवारी न चुकता दाढी-मिशी करून घेणारं, एरवीही बाकावर वर्तमानपत्र वाचत बसणारं दुकानातलं जुनं गिऱ्हाईक.

"माझी परीक्षा चाललीय," नाना फेस लावता लावता पुटपुटले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर ताईने वही पुढे केली. पानावर तीन रकाने होते. पहिल्याच्या डोक्यावर 'आधी', दुसऱ्याच्या 'काय केलं', तिसऱ्याच्या 'नंतर'.

"नाना, ती रडते कधी?"

"कात्री बघितली की."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण कात्री दिवसभर तुमच्या हातात असते आणि ती शेजारून खुशाल फिरते. तीन दिवसांत ती अकरा वेळा कानावर हात ठेवून दाराआड पळाली. त्यांतल्या नऊ वेळा आधी काय झालं ते वाचा."

नानांनी चष्मा लावला. पहिल्या रकान्यात नऊ वेळा एकच ओळ होती. 'नानांनी कापड झटकलं.'

गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड नाना हवेत असं झटकायचे, की फाट्‌कन आवाज व्हायचा. लाँड्रीवाल्यापर्यंत ऐकू जायचा. आवाज झाला की लोकांना कळायचं, नाना कामाला लागले. तरुणपणी त्यांनी त्याचा सराव केला होता. दुसऱ्या कुठल्याही दुकानात तसा आवाज निघत नाही, असं ते म्हणत आणि ते खरंही होतं.

"नेमकं तेच?" नाना हळूच म्हणाले.

"तेच. कात्री बिचारी उगाच बदनाम झाली. आता तिसरा रकाना वाचा. काल तिला खुर्चीत बसवलंत, कापड झटकलंत, ती किंचाळली. मग तुम्ही काय केलंत?"

"कापड काढलं. आणि… तिला गप्प करायला पाण्याची फवारणीची बाटली दिली. तिला आवडते ती."

"म्हणजे किंचाळलं की कापड जातं आणि बाटली येते. दोन्ही एकदम. किंचाळणं सोडेल कशी ती?"

नानांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मीच शिकवलं."

"मुद्दाम नाही शिकवलंत. पण बक्षीस मात्र अगदी वेळेवर दिलंत," ताई हसून म्हणाली. "आता तेच बक्षीस दुसऱ्या बाजूने द्यायचं. शांत बसली की."

"ही लाच झाली, बाई."

"लाच आधी देतात आणि गप्प बसवायला देतात. हे काम झाल्यावर मिळतं. गिऱ्हाईक उठताना 'वा नाना, छान कापलेत' म्हणतं, ती लाच असते का?"

"मी काही त्याच्यासाठी कापत नाही."

"चाळीस वर्षांत एकदाही कोणी म्हटलं नसतं तर?"

 झाडू घेऊन नाना आधीच झाडलेली जमीन पुन्हा झाडायला लागले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लाँड्रीवाल्याला आवाज आला नाही, आणि नानांना बरं नाही की काय म्हणून तो बघायला आला. नाना आजारी नव्हते. ते गिऱ्हाइकाच्या अंगावर कापड अलगद पांघरत होते, चेहरा मात्र दाढ दुखत असल्यासारखा.

काम सुरू झालं. पहिल्यांदा बक्षीस कोणतं ते ठरवायचं होतं. नानांनी बिस्किटं सुचवली. ताईने बिस्किट, फुगा, रंगीत कंगवा आणि फवारणीची बाटली अशा चार वस्तू ओळीने मांडल्या आणि भिंगरीला उचलू दिलं. मग पुन्हा मांडल्या, जागा बदलून. दहांतल्या आठ वेळा भिंगरीने बाटली उचलली. बारीक फवारा आरशासमोरच्या दिव्यात उडाला की ती टाचा उंचावून, हात पसरून त्याच्याखाली उभी राहायची.

"बक्षीस आपण ठरवायचं नसतं," ताई म्हणाली. "ते तीच ठरवते."

मग पायऱ्या. नानांच्या मते पायरी एकच: केस कापणे. ताईने चौदा काढल्या आणि कागद आरशाच्या कडेला चिकटवला. खुर्चीत बसून पाच आकडे. कापड मांडीवर. कापड खांद्यावर, गाठ न मारता. कंगवा कपाळाला. बंद कात्री केसांना. कात्रीचा आवाज, लांबून. असं करत करत चौदावी: पुढचे सगळे केस.

"एक पायरी तीन वेळा हसतखेळत जमली की पुढची. नाही जमली तर मागची. आणि बक्षीस लगेच. तीन मोजायच्या आत. सोबत काय आवडलं तेही सांगायचं. नुसतं 'शहाणी' नाही."

"तीन मोजायच्या आत," नाना म्हणाले. त्यात काय मोठंसं?

मोठंसं होतं. दुसऱ्याच दिवशी भिंगरीने कापड मांडीवर घेतलं आणि पाचापर्यंत छान बसली. नाना खूश होऊन आधी ताईकडे बघून हसले, मग वकिलांकडे बघितलं, मग बाटली शोधली. बाटली होती कपाटावर. ती काढून फवारा मारेपर्यंत भिंगरीचं बोट नाकात गेलं होतं. फवारा नेमका त्याच क्षणी उडाला. भिंगरीने क्षणभर विचार केला. मग बोट पुन्हा नाकात घातलं आणि मोठ्या आशेने आजोबांकडे पाहिलं.

वकील बाकावरून घसरायचेच बाकी होते. "नाना, साक्षीदार मी आहे! हे तुम्हीच शिकवलंत!"

ताईलाही हसू आवरेना. "बघितलंत? किती पटकन शिकते ती! आता बाटली कमरेला अडकवा."

तेव्हापासून नाना कमरेच्या पट्ट्याला बाटली अडकवून हिंडायला लागले. नाकातल्या बोटाला कोणी दाद दिली नाही, तेव्हा ते दोनतीन दिवसांत आपोआप बंद झालं. हळूहळू त्यांचा हात बसला. "कापड खांद्यावर ठेवू दिलंस!" आणि फुस्स. "कंगवा लावू दिलास!" आणि फुस्स. सुरुवातीला ताई भिंगरीचा हात हलकेच धरून कापडाकडे न्यायची, मग नुसतं बोट दाखवायची, मग तेही बंद केलं. दोन आठवड्यांनी भिंगरी स्वतःच कापड ओढून खांद्यावर घ्यायला लागली. नाना रोज वहीत खुणा करायचे. जमलं तिथे टिंब, नाही जमलं तिथे रेघ. गिऱ्हाइकाचे केस अर्धे ठेवून खुणा करताना त्यांना कैक जणांनी पाहिलं.

एक गोष्ट ताईने अगदी पहिल्यापासून ठेवली होती. भिंगरीच्या हातात एक गोल लाल कार्ड. तिने ते वर केलं की हातातलं काम थांबवायचं. कुठलंही. कंगवा हवेत असला तर हवेतच.

"मग ती सारखंच वर करेल," नाना म्हणाले.

"करू दे. किंचाळण्यापेक्षा बरं की नाही? तिला थांब म्हणायचं असायचं आणि म्हणता यायचं नाही, म्हणून तर ती किंचाळायची."

पहिल्या दिवशी भिंगरीने कार्ड एकवीस वेळा वर केलं आणि एकवीस वेळा सगळे थांबले. दुसऱ्या दिवशी अठरा. आठवड्याभराने दोन. कार्ड चालतं हे कळल्यावर तिला ते सारखं वापरायची गरज उरली नाही. नानांनी हे वहीत पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून 'बाई' जाऊन 'ताई' आलं.

आणि मग बाराव्या पायरीवर नानांनी घोळ घातला.

त्या पायरीला केसांची एकच बट कापायची होती. भिंगरी खुशीत होती. बट कापली गेली, फवारा उडाला. दुसरी कापली. तिसरीही. पोरगी बसलीय म्हटल्यावर नानांचा हात मोकळा सुटला. चौथी, पाचवी. ताई 'बास' म्हणणार तोच भिंगरीने कार्ड वर केलं. डाव्या डोळ्यावर एक बट राहिली होती, वाकडी, लोंबती. चाळीस वर्षांत नानांनी असं काम अर्धवट सोडलं नव्हतं.

"एकच, राणी. ही एकच," ते म्हणाले आणि खच्.

भिंगरी किंचाळली नाही. तिने हातातल्या कार्डाकडे पाहिलं. उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मग ते जमिनीवर टाकलं, खुर्चीतून उतरली आणि जिना चढून वर गेली.

दुसऱ्या दिवशी ती खाली आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लेकीने हात धरून आणायचा प्रयत्न केला तर ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसकण मारून बसली. नानांना जेवण गोड लागेना. एका गिऱ्हाइकाने "नाना, आज झोपलेल्या माणसाची गोष्ट नाही का?" म्हणून विचारलं, तर "नाही" म्हणाले.

"रागवा मला," ते ताईला म्हणाले.

"कशाला रागवू? मीसुद्धा पहिल्या वर्षी असंच केलं होतं. एका मुलाने हात ओढून घेतला, मी म्हटलं 'शेवटचं एकदाच' आणि धरून ठेवला. मला वाटलं, शिकवतेय. तो पुढे पंधरा दिवस मी दिसले की टेबलाखाली जायचा." ताई जमिनीवरचं लाल कार्ड पुसत होती. "हा तिचा शब्द होता, नाना. तिने तो बोलून दाखवला आणि तो चालला नाही."

"मग आता? सगळं गेलं?"

"नाही गेलं. शब्द अजून चालतो, हे तिला दिसायला हवं. सांगून नाही, दिसून. तुम्ही बसा खुर्चीत."

"मी?"

"तुमचे केस वाढलेत की मागे."

नाना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खुर्चीत बसले. समोर आरशात एक घाबरट म्हातारा बसला होता. ताईने कापड पांघरलं, कंगवा घेतला, आणि लाल कार्ड नानांच्या हातात दिलं. तिने कंगवा फिरवला. नानांनी कार्ड वर केलं. ताई थांबली. पुन्हा कंगवा, पुन्हा कार्ड, पुन्हा सगळं जागच्या जागी. बाकावरचे वकीलसुद्धा वर्तमानपत्राचं पान उलटता उलटता मध्येच थांबले. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून दोन डोळे बघत होते.

दुसऱ्या दिवशी तेच. डोळे तिसऱ्या पायरीवर आले होते. पाचव्या दिवशी भिंगरी खाली उतरली. नाना खुर्चीत कार्ड घेऊन बसलेलेच होते. ती सरळ त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या कमरेची बाटली काढली आणि त्यांच्या चेहऱ्यावर फवारा सोडला. फुस्स. फुस्स. फुस्स. नानांचा चष्मा, मिशा, शर्टाची कॉलर, सगळं चिंब.

नानांनी कार्ड वर केलं.

भिंगरीचं बोट बाटलीवर तसंच थांबलं. तिने कार्डाकडे पाहिलं, मग आजोबांकडे. नानांनी कार्ड खाली घेतलं. फुस्स! कार्ड वर. बोट थांबलं. कार्ड खाली. फुस्स! आता ती इतकी हसायला लागली होती, की तिला उभं राहता येईना. नानांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते फवाऱ्याचं की कशाचं, हे विचारायच्या फंदात कोणी पडलं नाही.

त्याच आठवड्यात ती पुन्हा खुर्चीत बसली. पहिल्या पायरीपासून सुरुवात झाली, पण या वेळी गाडी झपाझप पुढे गेली. तेराव्या पायरीवर दोन बटा कापल्यावर तिने कार्ड वर केलं. नानांची कात्री जिथल्या तिथे थांबली.

"थांबलो," नाना म्हणाले. कात्री ठेवून दिली. फवारा मारला. "तू सांगितलंस, मी थांबलो."

भिंगरी खाली उतरून निघून गेली. कपाळावर डावीकडे आखूड, उजवीकडे लांब अशी झालर, मध्ये एक खिंडार. अशा अवतारात ती चार दिवस गल्लीभर हिंडली. बेकरीवाल्याने विचारलं, "नाना, ही तुमच्या दुकानाची जाहिरात का?"

"हो," नाना ताठ मानेने म्हणाले. "कोणी कापले म्हणून विचारलं तर माझं नाव सांगा."

त्या शनिवारी वकील दाढीला बसले. विचारून करायची नानांना आता सवयच झाली होती; मिशीला कात्री लावण्यापूर्वी त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "नेहमीसारखी बारीक करू ना? की नको?"

वकील खाकरले. "नाना, आता विचारताच आहात तर… मला बारीक मिशी आवडत नाही."

नानांची कात्री खाली आली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. अकरा वर्षं झाली. मला जाड हवी आहे, माझ्या वडिलांसारखी."

"अहो, मग बोलायचं नाही का? दिवसभर कोर्टात दुसऱ्यांसाठी बोलता, आणि इथे…"

"कोर्टात न्यायाधीशांच्या हातात वस्तरा नसतो," वकील म्हणाले.

नानांनी मिशीला हात लावला नाही. तीन आठवड्यांत वकिलांची मिशी अशी काही फोफावली, की त्यांच्या बायकोने मुद्दाम दुकानात येऊन नानांना विचारलं, हे असं कसं झालं. नानांनी सांगितलं, काही केलं नाही म्हणून झालं. आणि तेव्हापासून ते प्रत्येकाला विचारायला लागले. एकाला पंखा अंगावर नको होता, एकाला पावडर नको होती, एका कॉलेजच्या मुलाला नानांच्या गप्पा नको होत्या. तो मुलगा गेल्यावर नाना तासभर घुश्शात होते. पण पुढच्या महिन्यात तो परत आला आणि सोबत तीन मित्र घेऊन आला. त्या चौघांचे केस नानांनी तोंड मिटून कापले.

भिंगरीचे केस चार बैठकांत पुरे झाले. शेवटच्या दिवशी लेकीने मुद्दाम दुपारची सुट्टी घेतली होती. ती दाराशी उभी राहिली, जवळ आली नाही. भिंगरी कापड स्वतः खांद्यावर घेऊन बसली. ताई बाकावर होती, हाताची घडी घालून. तिने आता काहीच करायचं नाही असं ठरलं होतं. नानांनी कात्री चालवली. मध्ये एकदा कार्ड वर झालं. नाना थांबले, तिने मान दोन्हीकडे हलवून गालाला चिकटलेला केस झटकला आणि कार्ड आपणहून खाली घेतलं. नानांनी उरलेलं काम पुरं केलं. नानांच्या मानाने कपाळावरची रेघ काही फार सरळ नव्हती. इतर कोणाची असती, तर त्यांनी त्याला उठू दिलं नसतं.

"झाले," ते म्हणाले. "सगळे कापू दिलेस, भिंगरी."

भिंगरीने आरशात पाहिलंच नाही. फवारा हवा होता तो तिने पुरता वसूल केला, मग दाराशी जाऊन आईच्या ओढणीचं टोक धरून तिच्याकडे वर बघत राहिली. लेक खाली वाकली. किती दिवसांनी तिला पोरीचे दोन्ही डोळे एकदम दिसत होते. लाली जवळजवळ गेली होती.

"आई," भिंगरी म्हणाली. मग तिला रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलचं चाक दिसलं. "गोल," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी ताईने नव्या कामाची यादी काढायला घेतली. भिंगरी दात घासू देत नव्हती. "हे माझं," लेक म्हणाली. "बाबा, यात तुम्ही पडायचं नाही." रात्रपाळी संपवून आली होती तरी तिने जेवणाच्या टेबलावर कागद ओढला आणि पायऱ्या लिहायला लागली. पहिली: ब्रश हातात घेणे.

नाना मागे उभे राहून वाचत होते. चष्मा लावून, हात मागे बांधून, अगदी एखाद्या मुख्याध्यापकासारखे.

"चुकलं," ते म्हणाले.

"काय चुकलं? ताईंनी पण हेच सांगितलं."

"पहिली पायरी ती नाही. लिही: आईने आधी चार तास झोप काढणे."

लेकीने ताईकडे पाहिलं. ताईने तिच्या हातातून पेन घेतलं, सगळे आकडे एकेकाने पुढे सरकवले आणि कागदाच्या अगदी वर नानांची ओळ लिहून टाकली.

"मग भिंगरीकडे कोण बघणार?" लेकीने विचारलं.

"दुकान आहे की खाली," नाना म्हणाले, आणि भिंगरीपुढे हात धरला. तिने तो जिन्याकडे ओढायला सुरुवात केली.